लायब्ररी दुसऱ्याची, प्रोग्राम आपला

समजा, नागपूरच्या एखाद्या शाळेतल्या मुलांनी सी भाषेत पाढ्यांचा प्रोग्राम लिहिला. टाइप करताना झालेली चूक मागे जाऊन दुरुस्त करता यावी म्हणून त्यांनी 'रीडलाइन' ही तयार लायब्ररी घेतली. आता तो प्रोग्राम इतर शाळांना विकायचा आहे, पण सोर्स कोड द्यायचा नाही. चालेल का?

आधी लिंक करणे म्हणजे काय ते पाहू. कंपाइल झालेला आपला प्रोग्राम अपुराच असतो. लायब्ररीतल्या फंक्शनांच्या जागा त्यात रिकाम्या असतात, त्या लिंकर भरतो. स्टॅटिक पद्धतीत लायब्ररीचा तेवढा भाग आपल्या फाइलमध्येच उतरतो. डायनॅमिक पद्धतीत फक्त नाव नोंदले जाते आणि प्रोग्राम चालू होताना लायब्ररी वेगळ्या फाइलमधून येते.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीच मानतो. म्हणून परवान्याच्या अटी पाळाव्याच लागतात. रीडलाइनचा परवाना जीपीएल आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते लिंक कशीही करा, दोन्ही मिळून एकच कृती होते. ती ज्यांना द्याल त्यांना सगळा सोर्स कोडही जीपीएलखालीच द्यायला हवा. (विकायला मात्र मनाई नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते! आणि प्रोग्राम कोणाला दिलाच नाही, तर ही अट लागतच नाही.) १९९२ मध्ये ब्रूनो हाइबल यांच्या 'सीलिस्प'पुढे हाच पेच आला. रिचर्ड स्टॉलमन यांच्याशी बराच पत्रव्यवहार झाला आणि अखेर सीलिस्प जीपीएलखाली आले.

मग लिनक्सवरच्या प्रत्येक सी प्रोग्रामचा कोड उघडा करायचा का? नाही. तिथली 'ग्लिबसी' ही लायब्ररी एलजीपीएलखाली आहे. हा परवाना आपला कोड झाकून ठेवू देतो. मात्र वापरणाऱ्याला लायब्ररीची सुधारलेली आवृत्ती बसवता आली पाहिजे. डायनॅमिक पद्धतीत ते सोपे जाते. स्टॅटिक असेल तर निदान ऑब्जेक्ट फाइली द्याव्या लागतात.

आपल्या मुलांना आणखी एक वाट आहे. 'लिबएडिट' ही लायब्ररी जवळपास तेच काम करते आणि तिचा बीएसडी परवाना कॉपीराइटची सूचना जपण्यापलीकडे फारसे मागत नाही. अर्थात, पाढ्यांच्या प्रोग्राममध्ये लपवण्यासारखे काय असते, हे आम्हाला काही कळलेले नाही.

असाच प्रश्न मराठी फाँटबाबतही येतो, कारण पीडीएफमध्ये फाँटचा भाग उतरतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने रेड हॅटसाठी घडवलेले 'लोहित' फाँट आधी जीपीएलखाली होते. २०११ मध्ये ते ओपन फाँट परवान्याखाली आले. त्यात लिहिलेच आहे की, या फाँटने तयार केलेल्या मजकुराला हा परवाना लागू होत नाही. तेव्हा शाळेच्या वार्षिक अंकाची पीडीएफ कोणत्या अटींवर द्यायची, ते शाळेनेच ठरवायचे.