एका तिरक्या रेघेचा प्रताप

वेबसाइटचं नवं रूप लाइव्ह झालं की ऑफिसात पेढे येतात आणि थोड्याच दिवसांत संपादकांचा फोन : ‘गूगलवरून येणारे वाचक गेले कुठे?’ एका मराठी पोर्टलवर हा प्रकार जवळून पाहिला. आधी सगळ्यांनी अल्गोरिदमला शिव्या घातल्या, मग मथळे बदलले. गूगलवर स्वतःचीच बातमी शोधल्यावर मथळ्याखाली ‘या पानाची माहिती उपलब्ध नाही’ अशा अर्थाची ओळ दिसली, तेव्हा कुणाला तरी रोबोट्स.टीएक्सटी आठवली : साइटवर कुणी काय वाचावं हे सांगणारी फाइल.

फाइल दोन ओळींची. वर तारांकन, म्हणजे सगळ्या क्रॉलरना, साइट्स आपोआप वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमना, उद्देशून. खाली ‘डिसअलाऊ’ आणि पुढे एक तिरकी रेघ. रेघ नसती तर सगळं खुलं. रेघ आली की अख्खी साइट बंद. चाचणीच्या सर्व्हरवर ही ओळ मुद्दाम घातली होती. लाइव्ह करताना ती तशीच उचलून आणली गेली.

दोष इतका उशिरा का कळला? कारण जाहिराती व्यवस्थित दिसत होत्या. गूगलच्या जाहिरातसेवेचा, म्हणजे अ‍ॅडसेन्सचा क्रॉलर वेगळा, ‘मीडियापार्टनर्स-गूगल’ नावाचा. तो तारांकनाला जुमानत नाही. त्याचं नाव घेऊन मनाई केली तरच थांबतो. त्यामुळे जाहिरातवाल्यांच्या डॅशबोर्डवर आलबेल आणि संपादकांकडे शुकशुकाट! उलटा घोळही होतो : सर्व्हरवरचा भार कमी करायचा म्हणून कुणीतरी याच क्रॉलरला नावानिशी अडवतं. मग त्याला पानाचा विषय कळत नाही आणि मजकुराशी जुळणाऱ्या जाहिराती आटतात.

रोबोट्स.टीएक्सटीची ही पद्धत 1994मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी सुचवली. त्यांच्या सर्व्हरला एका बेफाम क्रॉलरने जेरीस आणलं होतं. तो क्रॉलर आपलाच, असं पुढे विज्ञानकथाकार चार्ल्स स्ट्रॉस यांनी जाहीरपणे सांगून टाकलं. 2022मध्ये इंटरनेटच्या मानकांतील आरएफसी 9309 म्हणून या पद्धतीला औपचारिक रूप मिळालं, तरी पाळायची की नाही हे आजही क्रॉलरच्या सभ्यतेवरच. दारावरची पाटी ती, कुलूप नव्हे.

शिवाय या फाइलने मनाई केलेलं पानही, इतरांनी त्याला लिंक दिली असेल तर, गूगलच्या निकालांत येऊ शकतं. ते नकोच असेल तर पानावर ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘निकालांत दाखवू नका’ अशी सूचना, लावायचं. पण इथेच हुशार मंडळी फसतात. दोन्ही एकदम लावतात, आणि आत यायला बंदी असलेल्या गूगलबॉटला, म्हणजे गूगलच्या क्रॉलरला, आतली ‘नोइंडेक्स’ची सूचना वाचताच येत नाही.

पोर्टलवरची रेघ क्षणात खोडली. गूगल ही फाइल साधारणपणे 24 तासांपर्यंत साठवून ठेवतं, म्हणजे निरोप लवकर पोचला. क्रमवारी मात्र पाना-पानाने, रडतखडत परतली. चाचणीच्या साइटला खरं तर पासवर्डच लावायचा असतो. मग ही ओळ लिहावी लागत नाही, आणि काढायची राहूनही जात नाही.