पाच दिवसांचा आठवडा : तास कमी झाले कुठे?

केळझरच्या बसथांब्यावर शनिवारी सकाळी एक वाक्य हमखास कानावर पडतं : "बाबू लोकायचं बरं हाय भाऊ, पाच दिवस काम अन् दोन दिवस आराम." कुणीतरी सेलूच्या तहसील कचेरीत जायला निघालेला असतो, दुसरा त्याला आज शनिवार असल्याचं सांगतो, आणि मग बस येईपर्यंत सरकारी नोकरांचा उद्धार चालतो. राग समजण्यासारखा आहे. पण त्यामागचा हिशेब चुकीचा आहे, आणि इतक्या वर्षांत कुणी तो कागदावर मांडून पाहायला तयार नाही. तर मांडू या.

पाच दिवसांच्या आठवड्याचा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय १२ फेब्रुवारी २०२० चा, अंमल २९ फेब्रुवारीपासून. त्याआधीही दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचाच होता, हे लोक सोयीस्करपणे विसरतात. जेवणाचा अर्धा तास सोडला तर रोजचं काम सव्वासात तास होतं. वर्षाचे सरासरी दिवस २८८, म्हणजे २०८८ तास. नव्या पद्धतीत कचेरी सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५, जेवण सोडून आठ तास. दिवस २६४, म्हणजे २११२ तास. वजाबाकी केली की वर्षाला २४ तास वाढलेले दिसतात. हा हिशेब माझा नाही, निर्णय घेताना सरकारनेच तो दिला होता. शिपायांची वेळ तर ९.३० ते ६.३० अशी ठरली. पोलीस, सरकारी दवाखाने, अग्निशमन, पाणीपुरवठा, सफाई कामगार, शाळा-महाविद्यालयं यांना हा निर्णय लागूच नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं : "पण साहेब पावणेदहाला असतेत कुठं?" प्रश्न रास्त आहे, फक्त तो आठवड्याचा नाही, हजेरीचा आहे. नागपूर-वर्ध्याहून अपडाउन करणारा जो कर्मचारी अकराला येऊन चारची बस पकडतो, तो शनिवार सुरू असतानाही तेच करत होता. शनिवार परत आणला तर त्याची खुर्ची आणखी एक दिवस रिकामी दिसेल, एवढंच. दाखला अडला असेल तर हातात २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे, मुदत टळली की अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला दंडही होतो. त्यासाठी आधी अर्जाची पोच हातात हवी. ती न मागता शनिवारावर चिडणारे मला रोज भेटतात.

"शनिवारी कचेरी उघडी असली की मजुराची सोय होते," असंही म्हणतात. कशी, ते मला अजून कळलेलं नाही. शेतमजुराला शनिवार काय आणि मंगळवार काय, वावरात गेलं नाही की रोज बुडाला. कापूस वेचणाऱ्या बाईला तर किलोवर पैसे मिळतात, तिच्या आठवड्याला सुट्टी नावाचा वारच नाही. तिच्या उपयोगाची असलीच तर संध्याकाळची वाढलेली वेळ आहे, खुर्चीवर माणूस असेल तर.

आता दुसरी बाजू. पाच दिवसांच्या आठवड्याचं कौतुक करणारेही तितकेच गोंधळलेले असतात. परदेशातल्या प्रयोगांचे दाखले देऊन ते म्हणतात, पाहा, आपल्याकडेही तसंच झालं. नाही झालं. ते प्रयोग तास कमी करण्याचे होते, पगार तोच ठेवून. ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ कंपन्यांनी सुमारे २९०० कर्मचाऱ्यांवर सहा महिने तो करून पाहिला. आजारपणाच्या रजा ६५ टक्क्यांनी घटल्या, उत्पन्न जवळपास तेवढंच राहिलं आणि ५६ कंपन्यांनी तो पुढे चालू ठेवला. अर्थात त्या आपणहून पुढे आलेल्या कंपन्या होत्या, हे लक्षात ठेवूनच हे आकडे वाचावेत. आइसलँडचं नाव तर सर्रास चुकीचं घेतात. तिथे २०१५ ते २०१९ मध्ये ४० तासांचे ३५-३६ केले गेले. चार दिवसांचा आठवडा ही वर्तमानपत्री मथळ्यांची भर. आपण मात्र दिवस घटवले आणि तास वाढवले. त्यातून प्रवासाचे काही दिवस वाचले, सलग दोन दिवस घरी मिळाले, ते चांगलंच. पण तास कमी केल्याचे फायदे तास कमी न करता मिळत नसतात. शिवाय आपला प्रयोग सुरू होऊन महिना होत नाही तोच टाळेबंदी लागली, त्यामुळे त्या वर्षाचे दाखले कुणी देऊच नयेत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"नव्या श्रमसंहितांनी चार दिवसांचा आठवडा आणला." मर्यादा आठवड्याला ४८ तासांचीच आहे, चार दिवसांत बसवायचे तर रोज बारा तास राबा.

"सत्तर तास राबल्याशिवाय देश पुढे जात नाही." पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कामगारांच्या नोंदी जॉन पेंकव्हेल या अर्थतज्ज्ञाने २०१४ साली तपासल्या : ७० तासांत निघालेला माल ५६ तासांतल्या मालापेक्षा फारसा जास्त नव्हता.

"जास्त कामाने कुणी मरत नाही." जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा २०२१ चा अंदाज : ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक.

"रविवारची सुट्टी इंग्रजांनी चर्चसाठी दिली." कचेऱ्यांपुरतं ते ठीक. मुंबईच्या गिरण्यांचे मालक मात्र बहुतेक देशी होते, आणि कामगाराला सूर्योदय ते सूर्यास्त राबवताना त्यांना कुठलाच वार आड येत नव्हता. सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेऊन आठवड्याची सुट्टी मागितली. ती मिळाली १० जून १८९० ला, दहा हजार कामगारांची सभा झाल्यानंतर. कायद्यात ती त्याच्या पुढच्या वर्षी आली.