एक्सप्लेनर : घोटी टोलनाका ते आझाद मैदान, तुमच्या प्रवासाची नोंद कोणाकडे?

मुंबई-आग्रा महामार्गावर घोटीच्या टोलनाक्यावरून गाडी पुढे सरकली की मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज येतो. गाडीचा नंबर, नाका, तारीख, वेळ यांचीही नोंद झालेली असते. रोखीच्या काळात फक्त पावती मिळायची, तीही खिशातच विरघळायची. १५ फेब्रुवारी २०२१च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग बंधनकारक झाला.

यात लोकशाहीचा काय संबंध?

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च याच वाटेने कसारा घाट उतरून १२ मार्चला आझाद मैदानात होता. पायी चालणाऱ्याकडे फास्टॅग नसतो, पण मोबाइल असतो. फोन कोणत्या टॉवरवरून झाला, हे कंपनीकडे नोंदलं जातं. डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलला आणि या नोंदी किमान दोन वर्षं ठेवणं बंधनकारक झालं. म्हणजे मैदानाजवळच्या टॉवरवर कोणते नंबर होते, ही यादी मागाहूनही काढता येते.

डेटाबेसचा साधा नियम आहे : दोन तक्त्यांत एक रकाना सारखा असला की ते जोडता येतात. आपल्याकडे तो रकाना म्हणजे मोबाइल नंबर. फास्टॅग, बँक, गॅस, सगळीकडे तोच. यादी कुणी काढेलच असं नाही. पण काढता येते एवढं कळलं, तरी सरकारी अनुदानाची वाट पाहणारा शेतकरी मोर्चाला जाताना दोनदा विचार करेल.

कायदा काय सांगतो?

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच्याच आधारे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका उद्योजकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. प्रकरण लाचखोरीचं होतं, तरी टेलिग्राफ कायद्याला लागणारी सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षेचा धोका त्यात नव्हता.

२०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा कंपन्यांना बऱ्यापैकी बांधतो. मात्र कलम १७(२) नुसार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकतं. शिवाय कलम ४४(३) ने माहिती अधिकारातलं ८(१)(जे) बदललं. व्यापक जनहितासाठी वैयक्तिक माहिती देण्याची सोय त्या कलमातून गेली. म्हणजे नागरिकाची माहिती सरकारला सोपी, सरकारची नागरिकाला अवघड.

उद्या घरकुलाच्या यादीबद्दल विचारलं, तर 'वैयक्तिक माहिती' म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. जनहिताची तरतूद कलम ८(२) मध्ये अजून आहे. अर्ज करताना तिचा उल्लेख आधीच करून ठेवा.