मिशिगनची प्रभागरचना

नोव्हाय (मिशिगन) :

डेट्रॉइटच्या आसपास मराठी माणूस राहतो तो साधारण ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स अशा उपनगरांत. २०१३ पासून दहा वर्षं फार्मिंग्टन हिल्सकर अमेरिकी काँग्रेसच्या १४ क्रमांकाच्या मतदारसंघात होते. हा मतदारसंघ सरोवराकाठच्या ग्रोस पॉइंटपासून निघायचा, डेट्रॉइटच्या पोटातून हॅमट्रॅमॅकला यायचा, साउथफील्ड घ्यायचा, फार्मिंग्टन हिल्सला शिवून उत्तरेला पाँटिअॅक गाठायचा. आमचं नोव्हाय त्याच्या पश्चिमेला आणि ट्रॉय पूर्वेला. तरी मधल्या या शेपटाला वरून वळसा घालून दोन्ही गावं ११ क्रमांकात बसवलेली.

महापालिकेची प्रभागरचना जाहीर झाली की कुणाची वस्ती कुणाच्या गळ्यात मारली यावर आपल्याकडे जे रण माजतं, ते पाहिलेल्या वाचकाला यातली मेख समजावून सांगायला नको. फरक असा, की आपल्याकडे लोकसभेच्या मतदारसंघांची फेररचना स्वतंत्र आयोग करतो. इथे बहुतेक राज्यांत ते काम दर दहा वर्षांनी, जनगणनेनंतर, राज्याचं विधिमंडळच करतं. म्हणजे परीक्षार्थीच पेपर काढतो. विरोधकांची मतं दोन-चार मतदारसंघांत कोंबायची, उरलेली चोहीकडे विखरून टाकायची, की काम झालं. २०१२ मध्ये मिशिगनमध्ये ओबामा जिंकले, पण काँग्रेसच्या १४ जागांपैकी ९ रिपब्लिकनांना गेल्या. राज्याच्या कनिष्ठ सभागृहात तर डेमोक्रॅट उमेदवारांना एकूण मतं जास्त पडली आणि जागा ५१ मिळाल्या, रिपब्लिकनांना ५९. पुढे कोर्टात नकाशे आखणाऱ्या वर्तुळातले ईमेल बाहेर आले. विरोधी मतदारांना त्यात ‘कचरा’ म्हटलं होतं.

डेमोक्रॅट धुतल्या तांदळाचे आहेत असं कुणी समजू नये. मेरीलँडमध्ये त्यांनी हेच केलं आणि इलिनॉयमध्ये आजही करतात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नॉर्थ कॅरोलायना आणि मेरीलँड अशी दोन्ही पक्षांची पापं एकदमच आली. न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हात झटकले. पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या नकाशांचा निवाडा करणं हे संघीय न्यायालयांचं काम नाही, असा तो निकाल.

मिशिगनने त्याआधीच आपली वाट धरली होती. २०१६ च्या निवडणुकीनंतर दोन दिवसांनी केटी फाही या सत्ताविशीच्या मुलीने फेसबुकवर चार शब्द टाकले : मला या नकाशांचं काहीतरी करायचंय, कुणी येणार का? ती कचऱ्याच्या पुनर्वापराशी संबंधित एका संस्थेत नोकरीला होती, राजकारणाचा अनुभव शून्य. त्यातून ‘व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स’ ही संघटना उभी राहिली. राज्यघटनेत दुरुस्तीचा प्रस्ताव मतदानाला आणायचा तर तीन लाखांवर सह्या लागत होत्या. पैसे देऊन सह्या गोळा करण्याचा इथे रीतसर धंदा आहे. या लोकांनी मात्र स्वयंसेवकांच्या बळावर सव्वाचार लाख सह्या जमवल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये ६१ टक्के मतदारांनी दुरुस्ती मंजूर केली.

नव्या आयोगात तेरा सदस्य : चार रिपब्लिकन, चार डेमोक्रॅट आणि पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले. लोकप्रतिनिधी, उमेदवार, पक्षाचे पदाधिकारी, लॉबीइस्ट आणि त्यांची जवळची नातीगोती बाद. नऊ हजारांवर अर्ज आले. सोडतीने दोनशे निवडले गेले, दोन्ही सभागृहांतल्या दोन्ही पक्षनेत्यांनी प्रत्येकी पाच नावं खोडली आणि उरलेल्यांतून पुन्हा सोडतीने तेरा. म्हाडाच्या घरांसारखी सोडत, पण इथे घर लागत नव्हतं, आख्ख्या राज्याचा नकाशा हाती येत होता! कुठल्याही पक्षाला अवाजवी फायदा होता कामा नये, ही अट घटनेतच घातली आणि गावांच्या सीमा सांभाळण्याच्या अटीच्या वर तिला स्थान दिलं.

निकाल? २०२२ मध्ये दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नरपद एकाच वेळी डेमोक्रॅटांकडे आलं, जवळपास चाळीस वर्षांनी. आमच्या गल्लीतले मोटार कंपनीतून निवृत्त झालेले रिपब्लिकन गृहस्थ तेव्हा चिडून म्हणाले, हा सगळा डाव होता. २०२४ मध्ये त्याच आयोगाच्या कारभारात कनिष्ठ सभागृह रिपब्लिकनांनी परत घेतलं, काँग्रेसच्या आता तेरा उरलेल्या जागांपैकी सातही घेतल्या. डावाचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही. मला विचाराल तर या नकाशाची खरी कमाई हीच, की सत्ता हातात असलेला पक्ष हरू शकतो.

पण न्याय एका जागी साधायला जावं तर दुसरीकडे उसवतो, आणि ती गोष्ट आपल्या अगदी अंगणातली आहे. डेट्रॉइट हे बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं शहर. त्यांची मतं पूर्वीसारखी कोंबून ठेवायची नाहीत, म्हणून आयोगाने शहरातून निघून गोऱ्या उपनगरांत घुसणाऱ्या लांबट पट्ट्या पाडल्या. २०२२ मध्ये काँग्रेसच्या १३ क्रमांकाच्या मतदारसंघात डेमोक्रॅटांच्या प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार होते. मतं फुटली आणि सुमारे २८ टक्क्यांवर बाजी मारली ती आपल्या बेळगावच्या श्री ठाणेदारांनी. त्यांचं मराठी आत्मकथन अनेक वाचकांनी वाचलं असेल. इथल्या मराठी मंडळींना साहजिकच आनंद झाला. डेट्रॉइटमधल्या जुन्याजाणत्यांच्या हिशेबात मात्र त्याच निकालाची नोंद वेगळी आहे : १९५५ पासून प्रथमच शहराचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही. ठाणेदारांनी नियमाने निवडणूक लढवली आणि जिंकली, त्यात त्यांचा दोष नाही. पण आपल्या माणसाच्या विजयाचे पेढे वाटताना ही दुसरी नोंद ठाऊक असलेली बरी. राज्य विधिमंडळाच्या नकाशाबाबत तर डिसेंबर २०२३ मध्ये संघीय न्यायालयाने डेट्रॉइट परिसरातले तेरा मतदारसंघ रद्दच केले, कारण ते आखताना वंशाचा निकष इतर सगळ्यांवर वरचढ ठरला होता. आयोगाला ते पुन्हा आखावे लागले.

आता वारं उलटं वाहतंय. २०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता काँग्रेसचा नकाशा बदलला, रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढाव्यात म्हणून. प्रत्युत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आपल्याच स्वतंत्र आयोगाचा नकाशा काही वर्षांसाठी बाजूला ठेवला. पंधराहून अधिक वर्षांपूर्वी याच राज्याने तो आयोग हौसेने नेमला होता. ‘ते करतात, मग आम्ही काय बांगड्या भरल्या?’ हा युक्तिवाद मला पटत नाही, पण त्याला बिनतोड उत्तरही माझ्याकडे नाही.

मिशिगनमध्ये हा उद्योग तितका सोपा नाही. आयोग राज्यघटनेत आहे. तो काढायचा तर पुन्हा मतदारांपुढेच जावं लागेल. २०३० मध्ये, जनगणनेच्या वर्षीच, नव्या तेरा जणांची सोडत निघेल. अर्जदार राज्यातला नोंदलेला मतदार हवा आणि पक्षाच्या पदांपासून लांबचा. नागरिकत्व घेतलेली इथली मराठी माणसं गणेशोत्सवाच्या कमिटीसाठी हिरिरीने भांडतात. त्यांतल्या किती जणांनी हा अर्ज भरला, ते तेव्हा कळेल.