तारखेला हजर नव्हता म्हणून अपील फेटाळलं? घाबरू नका, पण ३० दिवस हातचे जाऊ देऊ नका

बीड : दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात, त्या उन्हाळ्यातच परततात. घराला कुलूप असतं, पण कोर्टाच्या तारखा थांबत नाहीत. जमिनीचा, बांधाचा किंवा वाटणीचा दावा तालुक्याच्या कोर्टात हरल्यावर लोक बीड किंवा अंबाजोगाईला जिल्हा न्यायालयात अपील करतात, वकीलपत्रावर सही करतात आणि निर्धास्त होतात. मग एका तारखेला पुकारा होतो, कुणीच हजर नसतं आणि अपील फेटाळलं जातं. यालाच कोर्टात ‘डिफॉल्टमध्ये डिसमिस’ म्हणतात.

म्हणजे नेमकं काय झालं?

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश ४१, नियम १७ सांगतो की सुनावणीला अपील करणारा किंवा त्याचा वकील हजर नसेल, तर कोर्ट अपील फेटाळू शकतं. मात्र तुमच्या गैरहजेरीत ‘अपिलात दम नाही’ असा गुणदोषावर निकाल देता येत नाही. १९७६ च्या दुरुस्तीनं हे स्पष्ट केलंय. म्हणजे तुमची बाजू खोटी ठरलेली नसते, ती ऐकलीच गेलेली नसते.

पण परिणाम मोठा आहे. खालच्या कोर्टाचा हुकूमनामा कायम राहतो. अपिलात मिळालेली स्थगिती संपते. समोरचा माणूस दरखास्त दाखल करून जमिनीचा ताबा मागू शकतो आणि त्यासाठी त्याच्याकडं १२ वर्षं असतात.

समोरच्याच्या नोटिशीचा खर्च भरला नाही आणि त्यामुळं नोटीस बजावली गेली नाही, तरीही पूर्वी अपील फेटाळलं जाऊ शकत होतं; तो नियम २००२ पासून वगळला आहे.

पुन्हा उभं कसं करायचं?

ज्या कोर्टानं अपील फेटाळलं, त्याच कोर्टात नियम १९ खाली अर्ज द्यायचा. मुदत ३० दिवस. हे दिवस तुम्हाला कळलं तेव्हापासून नाही, तर अपील फेटाळल्याच्या तारखेपासून मोजतात. उशीर झालाच, तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्जही सोबत जोडावा लागतो.

अर्जात गैरहजेरीचं सबळ कारण हवं. ‘गावात नव्हतो’ एवढंच लिहून भागत नाही. दवाखान्याचे कागद, कारखान्यावर तोडीला असल्याचा पुरावा, असं काहीतरी जोडा. कारण पटलं, तर कोर्ट अपील पुन्हा दाखल करून घेतं. कधी त्यासाठी समोरच्याचा खर्च भरायला लावतं. अर्ज नामंजूर झाला, तर त्या हुकुमावरही अपील करता येतं. जिल्हा न्यायालयाचा हुकूम असेल, तर त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जावं लागतं.

चूक वकिलाची असेल तर?

रफिक विरुद्ध मुन्शीलाल या १९८१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेटाळलेलं अपील पुन्हा उभं केलं. पक्षकारानं वकील लावला, फी दिली, तर वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा त्याला नको, असं कोर्टाचं म्हणणं होतं. तरी याच भरवशावर राहू नका. पक्षकारानंही चौकशी ठेवायला हवी होती, असं म्हणत कोर्टानं अर्ज नाकारल्याची उदाहरणंही आहेत.

घरात कुणी वारलं असेल तर

अपील करणारा किंवा समोरचा वारला, तर वारसांची नावं ९० दिवसांत रेकॉर्डवर आणावी लागतात. नाही आणली, तर त्या माणसापुरतं अपील आपोआप संपतं. ते रद्द करून घ्यायला पुढं ६० दिवस मिळतात. सातबाऱ्यावर वारस लागले म्हणून कोर्टातही लागले, असं होत नाही. वकिलाला वेगळं कळवावं लागतं.

गाव सोडण्याआधी एवढं करा

– वकिलाकडून अपिलाचा १६ अक्षरी-अंकी सीएनआर नंबर घ्या. ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ हे मोफत अ‍ॅप मोबाईलवर घेऊन त्यात तो टाकला, की पुढची तारीख आणि झालेला हुकूम फडावरूनही दिसतो.

– मोबाईल नंबर बदलला, तर वकिलाला लगेच सांगा.

– वकील लावायची ऐपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडं जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीच्या पक्षकारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

– अपील फेटाळल्याचं कळलं, तर त्याच दिवशी वकिलाला फोन करून हुकुमाची तारीख विचारा. ३० दिवस तिथूनच मोजायचे आहेत.