'वन ऑफ माय' आणि मित्रांवरचा अनुस्वार

नोकरीच्या अर्जात 'वन ऑफ माय हॉबी इज रीडिंग' येतं, रजेच्या मेलमध्ये 'वन ऑफ माय रिलेटिव्ह' येतं, दुकानाच्या पाटीवर 'वन ऑफ द बेस्ट शॉप' येतं. लिहिणाऱ्याला म्हणायचं ते कळतं, पण तिन्ही ठिकाणी अनेकवचन राहून गेलेलं असतं.

मुळातला समज असा : 'वन' म्हणजे एक, मग पुढचं नाम एकवचनीच हवं. 'वन फ्रेंड' लिहिताना ते खरंच आहे. पण मध्ये 'ऑफ' आला की अर्थ 'पैकी' असा होतो. पैकी म्हटलं की आधी अनेक जण हवेत, मग त्यांतला एक. म्हणून 'वन ऑफ माय फ्रेंड्स'.

गोंधळाची एक वाट मराठीतूनच जाते. एक मित्र आला, चार मित्र आले : 'मित्र' तसाच राहतो, संख्या क्रियापद सांगतं. हात, दगड, डोंगर यांचंही तेच. मात्र 'माझ्या मित्रांपैकी एक' लिहून पाहावं. 'त्रां'वर अनुस्वार येतो. तो गाळून 'मित्रापैकी एक' लिहिलं तर मराठी वाचक लगेच अडखळतो. त्या अनुस्वाराचं काम इंग्रजीत 'फ्रेंड्स'मधला 'एस' करतो. शिवाय 'फ्रेंड्स सेड' भरभर म्हटलं की हा 'एस' पुढच्या 'सेड'मध्ये विरतो. जे कानाला लागत नाही, ते लिहिताना सुटतं.

म्हणून दर वेळी 'एस' जोडायचा, असंही नाही. 'वन ऑफ द चिल्ड्रन' बरोबर, कारण 'चिल्ड्रन' अनेकवचनच आहे. 'वन ऑफ द स्टाफ' आणि 'वन ऑफ द फॅमिली' हेही बरोबर. हे शब्द समूहाचे आहेत. 'वन ऑफ द फर्निचर' मात्र चालत नाही, कारण इंग्रजीत फर्निचर मोजत नाहीत. तिथे 'अ पीस ऑफ फर्निचर' लागतं.

क्रियापद 'वन'प्रमाणे एकवचनी : 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ज इन सातारा'. इथे 'लिव्ह' लिहिलं गेलं की दोष मराठी माध्यमाला दिला जातो, आणि तो अन्याय आहे. 1991 साली कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांना अर्धी वाक्यं पुरी करायला दिली होती. किल्ली एक आणि कपाटं अनेक, अशा धर्तीच्या वाक्यांत त्यांच्याही तोंडून अनेकवचनी क्रियापद निसटलं. जवळचं नाम क्रियापदाला आपल्याकडे ओढतं, ते कुठल्याही माध्यमात.

'वन ऑफ दोज पीपल हू' या रचनेपुढे 'आर' की 'इज', यावर जाणकारांतही एकमत नाही. हेन्री फाउलर यांनी 1926च्या आपल्या कोशात अनेकवचनाचा आग्रह धरला. पुढे मेरियम-वेब्स्टरच्या वापरकोशाने दोन्ही मान्य केले. परीक्षेत 'आर' लिहिणं सुरक्षित. आधी 'द ओन्ली' आलं, तर मात्र 'इज'च.

आणखी एक : 'माझा एक मित्र' असं सहज सांगायचं असेल, तर 'अ फ्रेंड ऑफ माइन' जास्त जवळचं. छंदाच्या रकान्यात तर नुसतं 'रीडिंग' पुरतं.