आजीची साडी कापायची की जपायची? गोधडी, पितळ आणि जुन्या घरातल्या वस्तूंचं काय करायचं?

इन्स्टाग्राम उघडलं की आजकाल एक तरी रील दिसतंच. खणाचं तोरण, इरकलीच्या उश्या, कोपऱ्यात तांब्याचं घंगाळ आणि त्यात ठेवलेलं मनीप्लांट. खाली कमेंट असते, 'आमच्याकडे पण होतं हे, आईने मोडीत दिलं.'

ही कमेंट गमतीची वाटते, पण अनेक घरांची तीच गोष्ट आहे. वाडा किंवा चाळ पुनर्विकासाला जाते, गावचं घर बंद होतं, टू बीएचकेमध्ये जागा पुरत नाही. मग दोन दिवसांत सगळं आवरायचं असतं. जुन्या साड्या बोहारणीकडे जातात आणि बदल्यात स्टीलचा डबा येतो. तांब्या-पितळेची भांडी वजनावर विकली जातात आणि ती थेट वितळवायला जातात. नंतर त्याच घरातली पुढची पिढी 'व्हिंटेज लूक' म्हणून तसलीच वस्तू पैसे मोजून बाजारातून आणते.

तर घरातल्या जुन्या कापडाचं आणि जुन्या वस्तूंचं नेमकं काय करता येतं? काय कापावं, काय जपावं आणि बाजारातून घेताना काय तपासावं? एकेक करून पाहूया.

गोधडी उबदार का असते?

महाराष्ट्रातल्या घरगुती शिवणकामाची सर्वांत जुनी ओळख म्हणजे गोधडी. पश्चिम महाराष्ट्रात काही ठिकाणी तिला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरं, साड्या एकावर एक अंथरायच्या, कडा टाचून घ्यायच्या आणि मोठ्या सुईने जाड सुती दोऱ्याचा धावदोरा घालत जायचं. बाळासाठी हेच छोट्या आकारात केलं की झालं दुपटं.

यासाठी जुनंच कापड का? नव्या कापडात खळ असते आणि धागा कडक असतो. शेकडो वेळा धुतलेलं सुती लुगडं इतकं मऊ झालेलं असतं की ते तान्ह्या बाळाच्या अंगालाही टोचत नाही. ऊब कापडाच्या जाडीपेक्षा थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे मिळते. टाके फार घट्ट ओढले की ही हवा निघून जाते, म्हणून जाणत्या बायका दोरा हलक्या हाताने ओढतात.

ही कला फक्त आपल्याकडे आहे असं नाही. बंगालमध्ये कांथा आहे, बिहारमध्ये सुजनी, राजस्थान-सिंधच्या पट्ट्यात रल्ली. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. त्यात काठापासून सुरुवात करून गोल गोल आत येत मध्यभागी शिवण संपते आणि चारही कोपऱ्यांवर कापडाची छोटी फुलं लावतात. ठिकाण कुठलंही असो, फाटलेलं कापड फेकायचं नाही हा विचार सगळीकडे एकच आहे.

हाताने शिवलेली गोधडी महाग का वाटते?

जरा हिशेब करून पाहू. पाच फूट बाय सात फुटांची गोधडी म्हणजे साधारण १.५ मीटर बाय २.१ मीटर. दर अडीच सेंटीमीटरवर एक ओळ धरली तर ६० ओळी होतात. प्रत्येक ओळ २.१ मीटरची, म्हणजे एकूण १२६ मीटर शिवण. एका सेंटीमीटरला एक टाका धरला तर टाके होतात १२ हजार ६००.

एखादी बाई तासाला पाच मीटर शिवते असं मानलं, तरी नुसत्या शिवणीलाच २५ तास लागतात. कापड धुणं, उसवणं, जोडणं, अंथरणं वेगळं. त्यामुळे कुणी 'एवढे पैसे कशाचे?' असं विचारलं तर हे २५ तास आठवावेत. घरातल्या बायकांनी दुपारच्या वेळेत फुकट केलेलं काम आपण इतकी वर्षं पाहिलं, म्हणून त्याची मजुरी डोळ्यांत येते.

कापड किती लागतं? नऊवारी साडी सुमारे ८ मीटर लांब असते आणि पन्हा साधारण सव्वा मीटरच्या आत. अशा एका नऊवारीतून या मापाचे जोडून जोडून जवळपास तीन थर निघतात, सहावारीतून जेमतेम दोन. म्हणजे पाच थरांच्या गोधडीला एक नऊवारी आणि एक सहावारी पुरते.

कोणती साडी कापायची, कोणती नाही?

इथेच घरात भांडणं होतात. एकाला वाटतं, कपाटात पडून राहण्यापेक्षा वापरात येऊ दे. दुसऱ्याला आईच्या साडीला कात्री लावणंच सहन होत नाही. कापलेली साडी परत जोडता येत नाही, त्यामुळे आधी हे चार मुद्दे तपासा.

- उजेडासमोर धरा. साडी ठिकठिकाणी विरलेली दिसली तर ती नेसण्याजोगी उरलेली नाही. ती कापायला हरकत नाही.
- हलकेच ताणून पाहा. जुनं रेशीम घडीच्या रेषेवर फाटतं. असं कापड उशी किंवा गोधडीचा ताण सोसत नाही. त्याचा चांगला तुकडा फ्रेममध्ये लावणं बरं.
- रंग जातो का बघा. पांढरा ओला रुमाल साडीवर दाबून ठेवा. रुमालाला रंग लागला तर ती साडी फिक्या कापडासोबत शिवू नका, पहिल्याच धुण्यात सगळं खराब होईल.
- पदर आणि काठ सोडा. शरीराचा भाग कापला तरी पदर अखंड ठेवला तर साडीची ओळख राहते. पदर भिंतीवर लावता येतो, काठ पडद्याला.

हातमागावरची पैठणी, जुनी इरकल किंवा खऱ्या जरीची साडी धड असेल तर ती कापू नये. खरी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. अशा साड्या विकत घेणारे अनेकदा त्या जाळून चांदी काढतात. म्हणून 'जुन्या साड्या घेणार' अशी हाक आली की देण्याआधी घरात एकदा विचारा.

जपायची असेल तर साडी मऊ सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका आणि डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. दर काही महिन्यांनी घडी बदला, म्हणजे एकाच रेषेवर कापड चिरत नाही.

पहिल्यांदा शिवत असाल तर?

गोधडीपासून सुरुवात करू नका. उशीचा अभ्रा सोपा. १६ इंची उशीसाठी १७ इंच रुंद आणि ३९ इंच लांब कापड लागतं. त्यातून १७ बाय १७ इंचांचा एक पुढचा तुकडा आणि मागच्या बाजूसाठी १७ बाय ११ इंचांचे दोन तुकडे निघतात. मागच्या दोन्ही तुकड्यांची एकेक लांब कड एक इंच दुमडून शिवा. मग ते पुढच्या तुकड्यावर उलट्या बाजूने ठेवा. दुमडलेल्या कडा मध्यभागी तीन इंच एकमेकांवर येतील. चारही बाजूंनी अर्धा इंच सोडून शिवण मारा आणि अभ्रा सुलटा करा. चेन नको, बटण नको.

कापड जुनं आणि नाजूक असेल तर आतून पातळ सुती अस्तर लावा. खण वापरणार असाल तर आधी पन्हा मोजा, कारण पारंपरिक खण साडीपेक्षा अरुंद असतो. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण आणि यंत्रमागावरचा खण या दोघांच्या किमतीत फरक असतो, म्हणून विकत घेताना कोणता आहे ते विचारा.

जुन्या वस्तू कुठे मिळतात आणि फसवणूक कशी ओळखायची?

मुंबईत भेंडीबाजाराजवळचा चोर बाजार आणि पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने ठोके पाडण्याचं काम, म्हणजे मठारकाम, चालतं. जुनं घंगाळ चेपलेलं असेल तर ते फेकण्याआधी अशा कारागिराला दाखवावं.

बाजारात 'शंभर वर्षं जुनं' म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू जुनी नसते. नव्या पितळेला रसायन लावून काळपट केलं जातं. तेव्हा हे पाहा:

- लोहचुंबक न्या. पितळ आणि तांबं चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर फक्त मुलामा.
- झीज कुठे आहे ते बघा. खऱ्या जुन्या भांड्याची कडी, काठ आणि बूड झिजतात, कारण तिथेच हात लागतो आणि घासणी फिरते. सगळीकडे सारखाच काळेपणा असेल तर शंका घ्या.
- नाव शोधा. लग्नात किंवा मुंजीत दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख घालायची आपल्याकडे पद्धत आहे. असं नाव म्हणजे त्या भांड्याचा जन्मदाखलाच.

रोजच्या वस्तूंना किती मोल असू शकतं हे पाहायचं असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन या. दिनकर केळकर (१८९६-१९९०) यांनी अडकित्ते, दिवे, करंडे, स्वयंपाकघरातली भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या. अकाली गेलेला मुलगा राजा, याचं नाव त्यांनी या संग्रहाला दिलं.

कायदा काय सांगतो?

शोभेची वस्तू घेताना दोन कायदे लक्षात ठेवायला हवेत आणि दोन्ही १९७२ चे आहेत.

पहिला पुरावस्तू आणि कला संपदा कायदा. १०० वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र किंवा कलावस्तू 'पुरावस्तू' ठरू शकते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षं आहे. ठरावीक प्रकारच्या पुरावस्तूंची नोंदणी करावी लागते आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे परदेशात राहणाऱ्या मुलीला पणजीच्या देवघरातली जुनी मूर्ती सुटकेसमध्ये घालून देण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करा.

दुसरा वन्यजीव संरक्षण कायदा. हस्तिदंताची डबी, भिंतीवर लावायची शिंगं, वाघाचं कातडं यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. विकणारा 'जुनं आहे, चालतं' म्हणाला तरी चालत नाही.

घरात लहान मूल आहे? मग हे आधी वाचा

जुना लाकडी पाळणा रंगवून बाळासाठी वापरायची कल्पना छान आहे, पण जुन्या रंगात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा रंग कोरड्या पॉलिशपेपरने घासला तर त्याची धूळ श्वासातून आणि हातातून पोटात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो. रंगाची पापुद्री निघत असेल तर तो पाळणा बाळासाठी वापरू नका.

तांब्या-पितळेच्या भांड्यात स्वयंपाक करायचा असेल तर आतून कल्हई हवीच. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. तो नसेल तर चिंच, कोकम, ताक अशा आंबट पदार्थांशी धातूची प्रक्रिया होते आणि पदार्थ कळकतो. फक्त झाड लावायचं असेल तर कल्हईची गरज नाही.

जुना दिवा किंवा रेडिओ घेतला तर वायरिंग बदलून घेतल्याशिवाय प्लगमध्ये घालू नका. लाकडी सामानाखाली बारीक भुसा पडत असेल तर आत कीड आहे. ते घरात आणण्याआधी उपचार करून घ्या, नाहीतर दाराच्या चौकटीही जातील.

आणि ते शिलाई मशीन?

सध्या आणखी एक ट्रेंड जोरात आहे. पायाच्या जुन्या शिलाई मशीनचं डोकं काढायचं, लोखंडी स्टँडवर काच ठेवायची आणि टेबल बनवायचं. दिसतं सुंदर. पण डोकं काढण्याआधी एक रविवार त्याला द्या. धूळ झटका, मशीनचं तेल घाला, अर्धा तास थांबा आणि चाक हाताने फिरवून पाहा. साध्या घरगुती मशीनच्या सुया, बॉबिन आणि चामडी पट्टा आजही शिलाईच्या सामानाच्या दुकानात मिळतात. ज्या मशीनवर आईने शाळेचे गणवेश शिवले, ते बहुतेक वेळा फक्त तेलाअभावी अडकलेलं असतं.

चाक फिरलं, तर पहिला अभ्रा त्यावरच शिवा. तिरकी शिवण आली तर कुणाला तरी विचारा. घरातली जी बाई 'आता कोण शिवतंय' म्हणत होती, तीच खुर्ची ओढून शेजारी बसेल आणि दोरा कसा ओवायचा ते दाखवेल. तेवढ्यात तिला हेही विचारून घ्या की ट्रंकेतली कोणती साडी कापायची आणि कोणती तिला तशीच हवी आहे. साडी कोणाची, हे सांगू शकणारं माणूस घरात असेपर्यंतच हा प्रश्न विचारता येतो.